कडारम ते केडाह : मोसमी वाऱ्यांनी घडविलेले एक राज्य

(आग्नेय आशियाविषयीच्या एका अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आग्नेय आशिया म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अंगकोरचे मंदिर उभे राहते, बोरोबुदूरचा स्तूप उभा राहतो. फार तर सिंगापूरच्या उंच इमारती आणि बँकॉकचे बाजार आठवतात. या प्रसिद्ध नावांच्या गर्दीत मलेशियातील केडाह हे राज्य कोणाच्या लक्षात येत नाही. क्षेत्रफळ अवघे साडेनऊ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या ठाणे आणि पालघर या दोन जिल्ह्यांच्या एकत्रित आकारमानाएवढे. २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे एकवीस लाख. परंतु या लहानशा किनारी राज्याच्या भूमीत जवळजवळ दोन हजार वर्षांचा इतिहास थरांवर थर रचून बसला आहे. त्यात भारताचा वाटा मोठा आहे. तो वाटा नेमका कोणता आणि त्याची आजची स्थिती काय, हा आजचा विषय आहे.

पर्वत, खाडी आणि वारा

कोणत्याही देशाचा इतिहास समजून घ्यावयाचा असेल तर आधी त्याचा नकाशा पाहावा लागतो. मलाया द्वीपकल्पाच्या वायव्य कोपऱ्यात, मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या उत्तर तोंडाशी केडाह वसले आहे. उत्तरेला पर्लिस हे चिमुकले राज्य आणि थायलंड, दक्षिणेला पेराक, नैर्ऋत्येला पिनांग. पश्चिमेला समुद्र आणि त्यात लंकावी बेटांचा समूह. किनाऱ्यालगत सपाट, चिखलट, भाताला अनुकूल अशी जमीन, तर पूर्वेकडे डोंगर आणि दाट जंगल. राजधानी अलोर स्तार ही या सपाटीवर, नदीकाठी वसलेली आहे.

या सपाट किनाऱ्यावर एकच पर्वत एकाकी उभा आहे, त्याचे नाव गुनुंग जेराई. उंची १,२१७ मीटर, म्हणजे सिंहगडाहून थोडी कमीच. पण तो जवळजवळ समुद्रकाठीच उभा असल्यामुळे दूरवरून, खोल समुद्रातून दिसतो. बंगालचा उपसागर ओलांडून, निकोबार बेटे मागे टाकून पूर्वेकडे येणाऱ्या खलाशाला दिसणारी जमिनीची पहिली ठळक खूण म्हणजे हा पर्वत. त्याच्या दक्षिण पायथ्याशी मेरबोक नदीची खाडी आहे. वादळापासून आडोसा, पिण्याचे गोडे पाणी, जवळच जंगलचा माल आणि कथील : बंदराला आणखी काय हवे असते?

परंतु बंदर घडविले ते खऱ्या अर्थाने वाऱ्याने. नैर्ऋत्य मोसमी वारे भारताकडून जहाजे पूर्वेला आणत. चीनकडील जहाजे येत ती हिवाळ्यातील ईशान्य वाऱ्यांवर. म्हणजे भारतीय व्यापारी जेव्हा पोहोचे, तेव्हा चिनी व्यापारी परतीच्या वाटेवर असे. आणि चिनी व्यापारी येई, तेव्हा भारतीय जहाजांना घरी जाण्याचा वारा सुटलेला असे. दोघांची गाठ वेळेवर पडणे कठीण. तेव्हा माल साठवून ठेवणारे, भाव ठरविणारे, थांबलेल्या खलाशांना महिनोन् महिने आसरा देणारे असे एक मधले ठिकाण आवश्यक होते. केडाह हे असे ठिकाण झाले. येथे परका माणूस वारा फिरेपर्यंत मुक्कामाला राहत असे. मुक्काम लांबला की देवालय उभे राहते, सोयरीक जुळते, शब्दांची देवघेव होते. या राज्याच्या बहुसांस्कृतिक जीवनाचे मूळ या सक्तीच्या मुक्कामात आहे.

कटाह, कडारम, केडाह

या भूमीला संस्कृतात कटाह म्हणत. सोमदेवाच्या कथासरित्सागरात कटाहद्वीपाला व्यापारासाठी जाणाऱ्या वणिकपुत्राची कथा आहे. काश्मीरमधील कवीला ठाऊक असलेले हे नाव त्या काळच्या सामान्य श्रोत्यालाही ओळखीचे असले पाहिजे, अन्यथा ते कथेत आले नसते. तमिळ शिलालेखांत तिचे नाव कडारम. चिनी बौद्ध भिक्षू इत्सिंग हा सातव्या शतकात श्रीविजयाहून निघून, केडाहमार्गे, बंगालमधील ताम्रलिप्तीला पोहोचला आणि पुढे नालंदेत शिकला. बौद्ध विद्येच्या आंतरराष्ट्रीय मार्गावरचे हे एक ठाणे होते.

या काळाचा सर्वांत बोलका पुरावा एका खलाशाने ठेवला आहे. १८३४ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील जेम्स लो या अधिकाऱ्याला, पूर्वी केडाहच्या ताब्यात असलेल्या आणि आज पिनांग राज्यात मोडणाऱ्या मुख्य भूमीवर, एक कोरीव शिळा सापडली. तिच्यावर स्तूपाची आकृती आहे आणि पाचव्या शतकातील लिपीत संस्कृत लेख आहे. रक्तमृत्तिका येथे राहणारा महानाविक बुद्धगुप्त याने प्रवास सफल व्हावा म्हणून हा लेख कोरविला. रक्तमृत्तिका म्हणजे बंगालमधील मुर्शिदाबाद जिल्ह्यातील प्राचीन स्थान, असे विद्वान मानतात. आज ही शिळा कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहे. बुद्धगुप्त राजा नव्हता, सेनापती नव्हता, धर्मोपदेशकही नव्हता. तो जहाजाचा कप्तान होता आणि सुखरूप परतावे एवढीच त्याची प्रार्थना होती. समुद्रापारचा भारत अशा माणसांनी घडविला.

गुनुंग जेराईच्या पायथ्याशी, बुजांग खोऱ्यात, अशा माणसांच्या पाऊलखुणा विखुरल्या आहेत. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात क्वारिच वेल्स आणि त्यांच्या पत्नी डोरोथी यांनी येथे पद्धतशीर उत्खनन केले आणि अनेक स्थळांना क्रमांक दिले. पुढे १९५९-६० च्या सुमारास अॅलास्टेअर लँब यांनी बुकित बातू पाहात येथील शिवमंदिराचे उत्खनन करून त्याची पुनर्रचना केली. विमान आणि मंडप अशी त्याची मांडणी आहे. जोत्याला ग्रॅनाइटचा दगड वापरला आहे. खांब व छप्पर लाकडी असावेत. पायाभरणीच्या वेळी पुरलेल्या दगडी पेट्याही तेथे मिळाल्या. अन्यत्र गणेशाच्या व महिषासुरमर्दिनीच्या मूर्तींचे अवशेष, बौद्ध वास्तूंची जोती, चिनी भांड्यांचे व पश्चिम आशियाई काचेचे तुकडे सापडले. शैव, बौद्ध आणि अरब व्यापारी एका खाडीच्या काठी वावरत होते, हे या तुकड्यांवरून स्पष्ट होते.

अलीकडच्या संशोधनाने चित्र आणखी पुढे गेले आहे. मलेशियाच्या सायन्स विद्यापीठाने २००९ पासून सुंगाई बातू येथे केलेल्या उत्खननात लोखंड गाळण्याच्या भट्ट्या, भात्यांच्या मातीच्या नळ्या आणि नदीकाठच्या धक्क्यांचे अवशेष उजेडात आले. त्यांचा काळ इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपर्यंत मागे जातो. त्याहूनही जुन्या काळाचा दावा केला गेला असून त्यावर विद्वानांत वाद आहे. २०२३ आणि २०२४ मध्ये बुकित चोरास येथे चुनेगच्चीच्या बुद्धमूर्ती मिळाल्या. हे सर्व काम मलय संशोधकांनी केले आहे, याची नोंद आपण घेतली पाहिजे.

'वसाहत' नव्हे, देवघेव

गेल्या शतकात आपल्याकडील काही इतिहासकारांनी या प्रदेशाला प्राचीन भारतीय वसाहत असे म्हटले. पारतंत्र्याच्या काळात तो शब्द मनाला उभारी देणारा होता. परंतु सुंगाई बातूच्या भट्ट्या सांगतात की येथील लोकांकडे स्वतःचे कसब होते, स्वतःचा माल होता. भारतीय व्यापारी ओसाड किनाऱ्यावर उतरला नाही. तो चालत्या बाजारात उतरला. येथील राजांनी संस्कृत नावे घेतली, शिवाची व बुद्धाची उपासना स्वीकारली, ती स्वेच्छेने. मंदिरांची घडणही तंतोतंत भारतीय नाही. तीत स्थानिक हात दिसतो. लादलेले टिकत नाही आणि निवडलेले रक्तात मिसळते, हा जगाच्या इतिहासाचा अनुभव आहे. म्हणून वसाहत या शब्दाने भारताचे मोठेपण वाढत नाही, उलट कमी होते.

आणि ही देवघेव दुहेरी होती. अकराव्या शतकाच्या आरंभी कडारम व श्रीविजयाचा शैलेंद्रवंशी राजा मारविजयोत्तुंगवर्मन याने तमिळ देशातील नागपट्टणम येथे आपल्या पित्याच्या नावे चूडामणि विहार पूर्णत्वास नेला. शिवभक्त राजराज चोळाने या बौद्ध विहारासाठी आनैमंगलम गावाचा महसूल दिला. हे दानपत्र पुढे नेदरलँड्समधील लायडेन येथे नेले गेले, म्हणून ते लायडेन ताम्रपट या नावाने प्रसिद्ध आहे. परदेशी बौद्ध राजा भारतात विहार बांधतो आणि शैव सम्राट त्याला गाव तोडून देतो. या एका ताम्रपटात भारतीय राज्यपद्धतीचे एक उज्ज्वल दर्शन घडते.

पण इतिहास सोयीपुरता सांगून चालत नाही. ताम्रपटाला वीस वर्षे होतात न होतात तोच, १०२५ च्या सुमारास, राजराजाचा पुत्र राजेंद्र चोळ याच्या आरमाराने श्रीविजय आणि कडारमवर स्वारी केली. राजा संग्रामविजयोत्तुंगवर्मन बंदी झाला, अनेक बंदरे जिंकली गेली आणि राजेंद्राने 'कडारम कोंडान' म्हणजे कडारम जिंकणारा अशी पदवी धारण केली. चीनच्या व्यापारमार्गावरील मक्तेदारी मोडणे हा या स्वारीचा हेतू असावा, असे अनेक इतिहासकार मानतात. भारताने समुद्रापार कधी शस्त्र नेलेच नाही, असे सरसकट विधान करणाऱ्यांनी तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावरील राजेंद्राचा लेख वाचावा. ज्या मंदिराच्या भिंतींवर कडारमच्या विजयाची ही नोंद आहे, त्याच मंदिराच्या भिंतींवर सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला आहे. तंजावरला जाणारा मराठी प्रवासी आपला लेख आवर्जून शोधतो. त्याने शेजारचा लेखही पाहावा. भारतीय आरमाराचे सामर्थ्य केवढे होते ते त्यातून कळते. आणि एवढ्या सामर्थ्यानंतरही चोळांनी तेथे कायमचे राज्य स्थापले नाही, हेही कळते. टिकून राहिले ते व्यापाऱ्यांचे आणि भिक्षूंचे काम.

धर्म बदलला, स्मृती उरली

यानंतर केडाहने इस्लाम स्वीकारला. स्थानिक परंपरा ११३६ हे वर्ष सांगते. काही अभ्यासक हा काळ पुढे, पंधराव्या शतकापर्यंत नेतात. येथेही परकी सेना आली नव्हती. व्यापारी आले, उपदेशक आले, राजाने धर्म बदलला आणि प्रजेने त्याचे अनुकरण केले. 'हिकायत मेरोंग महावंग्सा' या केडाहच्या पारंपरिक बखरीनुसार फ्रा ओंग महावंग्सा हा राजा सुलतान मुजफ्फर शाह झाला. त्या बखरीत एक गंमत आहे. तिच्या आरंभीच गरुड आहे आणि पैगंबर सुलेमानही आहे, आणि दोघांचा संवाद होतो! नवा धर्म घेतलेल्या लेखकाला आपल्या राजवंशाची कथा सांगताना गरुड टाकवला नाही.

मलय भाषेचेही तसेच आहे. राजा, नगरासाठी व राष्ट्रासाठी 'नगारा', भाषेसाठी 'बहासा', धर्मासाठी 'अगामा', 'गुरू', 'दोसा' म्हणजे पाप, 'शुर्गा' म्हणजे स्वर्ग. रमजानच्या उपवासालाही मलय माणूस 'पुआसा' म्हणतो आणि तो शब्द आपल्या उपवासावरून आला आहे. आजच्या मलेशियाचे अवघे राजकारण ज्या शब्दाभोवती फिरते तो 'बुमिपुत्रा' हा शब्द आपला भूमिपुत्रच होय. धर्म बदलला तरी शब्दांची मुळे खोल राहिली.

दोन बलाढ्यांच्या मध्ये

पुढील शतके केडाहसाठी ओढाताणीची होती. उत्तरेला सयाम म्हणजे आजचे थायलंड बलाढ्य झाले. केडाहचा सुलतान दर तीन वर्षांनी सोन्याचांदीचे वृक्ष, 'बुंगा मास', मांडलिकत्वाची खूण म्हणून बँकॉकला पाठवी. या दडपणातून सुटण्यासाठी सुलतान अब्दुल्ला याने १७८६ साली पिनांग बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस लाइटच्या हवाली केले. अपेक्षा अशी की सयामविरुद्ध इंग्रज मदत करतील. बेट मिळाले, मदत मिळाली नाही. १७९१ साली सुलतानाने बेट परत घेण्याचा प्रयत्न केला, तो फसला; १८०० साली समोरची मुख्य भूमीही कंपनीकडे गेली. वार्षिक रक्कम तेवढी ठरली, प्रथम सहा हजार आणि नंतर दहा हजार स्पॅनिश डॉलर. पिनांगपोटी केडाहला रक्कम देण्याची प्रथा स्वतंत्र मलेशियातही चालू राहिली आहे. कंपनी सरकारच्या तैनाती फौजेचा अनुभव घेतलेल्या मराठी माणसाला या व्यवहाराचे नवल वाटू नये.

१८२१ मध्ये सयामी सैन्याने केडाह उद्ध्वस्त केले आणि सुलतानाने इंग्रजांच्या पिनांगमध्ये आश्रय घेतला. तो दोन दशकांनी, १८४२ मध्ये परतला. लंकावी बेटावर शत्रूच्या हाती लागू नये म्हणून जाळलेल्या तांदळाचे ठिकाण आजही पर्यटकांना दाखवितात. अखेर १९०९ च्या करारान्वये सयामने केडाहवरील हक्क इंग्रजांना दिला. राज्य केडाहचे आणि सौदा लंडन-बँकॉकचा. ज्याच्या भूमीचा व्यवहार होतो त्याला विचारण्याची पद्धत साम्राज्यांना ठाऊक नसते.

रबराचा मळा आणि तमिळ घाम

इंग्रजी अमलात रबर आले. सुंगाई पतानी, कुलिम, बेदोंग, बालिंग या भागांत मैलोन् मैल रबराचे मळे उभे राहिले आणि मळ्यांसाठी मजूर आणले गेले ते तमिळ देशातून. प्रथम वेठीच्या कराराने, १९१० मध्ये ती पद्धत बंद झाल्यावर कंगाणीमार्फत. कंगाणी म्हणजे मजुरांपैकीच एक मुकादम. तो आपल्या गावी जाऊन आगाऊ पैसे देई आणि माणसे आणी. पहाटे अंधारात झाडाला चीर द्यावयाची, दुपारी चीक गोळा करावयाचा, संध्याकाळी मळ्याच्या ओळीच्या चाळीत परतावयाचे. शाळा असली तर चार इयत्तांची. मात्र प्रत्येक मळ्यात एक गोष्ट होती, मारिअम्मनचे किंवा मुरुगनचे छोटे देऊळ. ज्या भूमीत हजार वर्षांपूर्वी व्यापाऱ्याने शिवालय बांधले, तेथे आता अर्धपोटी मजुराने पत्र्याचे देऊळ उभे केले. पहिला संपत्ती घेऊन आला होता, दुसऱ्याने केवळ श्रद्धा आणली होती. आजच्या केडाहमधील हिंदू समाज या दुसऱ्याचा वंशज आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे.

याच मळ्यांच्या प्रदेशात स्वातंत्र्ययुद्धाचा एक अध्याय सुरू झाला. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी सैन्याने सयाममधून केडाहमध्ये मुसंडी मारली. जित्रा येथे ११ व्या भारतीय डिव्हिजनची फळी मोडली. माघारीत सापडलेले पंजाब रेजिमेंटचे कॅप्टन मोहनसिंग यांची अलोर स्तार येथे ग्यानी प्रीतमसिंग आणि जपानी मेजर फुजिवारा यांच्याशी भेट झाली, आणि त्यातून आझाद हिंद सेनेची पहिली कल्पना आकाराला आली. १९४३ मध्ये नेताजी सिंगापूरला आले तेव्हा मलायातील मळ्यांतून हजारो तमिळ तरुण पुढे आले. भारत कधी न पाहिलेल्या मुलींनी राणी झाशी रेजिमेंटमध्ये बंदूक उचलली. याच काळात जपान्यांनी सयाम-ब्रह्मदेश रेल्वेमार्गावर वेठीला धरलेले हजारो तमिळ मजूर जंगलात मरण पावले. त्यांची नावे कोणत्याही स्मारकावर पूर्ण सापडावयाची नाहीत.

भात, कारखाने आणि बेटे

३१ ऑगस्ट १९५७ रोजी मलाया स्वतंत्र झाला. पहिले पंतप्रधान तुंकू अब्दुल रहमान हे केडाहचे राजपुत्र, जन्म अलोर स्तारचा. देशाला आधुनिक औद्योगिक रूप देणारे महातीर मोहम्मद हेही अलोर स्तारचेच, आणि त्यांचे पितृकुल भारतीय मूळ असलेले. दोन पंतप्रधान देणारे हे राज्य मात्र देशातील तुलनेने गरीब राज्यांत मोडत आले.

केडाहचे वैभव भातात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वान मत समान या मुख्यमंत्र्याने अलोर स्तारपासून गुरुनपर्यंत लांबलचक कालवा खणून दलदलीची जमीन भाताखाली आणली. स्वतंत्र मलेशियाने जागतिक बँकेच्या साह्याने मुडा व पेदू ही धरणे बांधली आणि १९७० पासून सुमारे ९६ हजार हेक्टरांवर वर्षाला दोन पिके निघू लागली. आज देशात सर्वाधिक भात केडाहमध्ये पिकतो. पण पाण्यामागोमाग कापणीयंत्रे आली आणि भूमिहीन मजुराचे हात रिकामे झाले. जेम्स स्कॉट या अमेरिकन अभ्यासकाने १९७८ ते १९८० या काळात मुडा मैदानातील एका खेड्यात राहून या बदलाचा अभ्यास केला. त्यावरील त्याचे 'वेपन्स ऑफ द वीक' हे पुस्तक जगभर वाचले जाते. हरितक्रांतीत उत्पादन वाढते तेव्हा ते कोणाच्या घरात वाढते, हा त्यातील प्रश्न आपल्या कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यांनाही लागू आहे. १९७४ मध्ये रबराचे भाव कोसळले तेव्हा बालिंगच्या लहान रबर-उत्पादकांनी उपासमारीविरुद्ध मोर्चे काढले, त्याचा आवाज कौलालंपूरपर्यंत पोहोचला.

त्यानंतर अर्थव्यवस्थेने वळण घेतले. १९८७ साली लंकावी बेट करमुक्त करण्यात आले. २००७ मध्ये त्याला युनेस्कोच्या भूउद्यानाचा दर्जा मिळाला. १९९६ मध्ये कुलिम येथे उच्च तंत्रज्ञानाची औद्योगिक वसाहत सुरू झाली. तेथे इंटेल आली, जर्मन इन्फिनिऑन आली. इन्फिनिऑनने ऑगस्ट २०२४ मध्ये तेथे सिलिकॉन कार्बाइडच्या चिप बनविणाऱ्या नव्या कारखान्याचा पहिला टप्पा सुरू केला. जेथे एके काळी भात्याने लोखंड गाळले जात होते, त्या प्रदेशात आज जगाच्या विजेच्या मोटारींसाठी चिप घडतात. माल बदलला, बाजारपेठ जगाचीच राहिली.

या प्रगतीत मळ्यातला तमिळ मजूर कोठे आहे? मळे तुकड्या-तुकड्यांनी विकले गेले, रबराच्या जागी पामतेलाची झाडे आली, गृहसंकुले आली, आणि तीन पिढ्या तेथे राबलेल्या कुटुंबांना चाळीसह देऊळही सोडावे लागले. १९७१ नंतरच्या नव्या आर्थिक धोरणात भूमिपुत्रांना सवलती मिळाल्या. पूर्वी मागे पडलेल्या मलय समाजाला वर आणण्याचा तो प्रयत्न होता आणि त्याची ऐतिहासिक कारणेही होती. परंतु जो भूमिपुत्र नाही आणि धनवानही नाही, असा मळामजूर दोन्हीकडून सुटला. नोव्हेंबर २००७ मध्ये कौलालंपूरच्या रस्त्यांवर उतरलेल्या भारतीयांच्या मोर्च्यामागे ही साचलेली वेदना होती.

चंडी क्रमांक अकरा

केडाहमध्ये आज सुमारे चार-पंचमांश लोक मलय, दहा-बारा टक्के चिनी आणि सहा-सात टक्के भारतीय आहेत; शिवाय सयामी वंशाची जुनी वस्ती आहे. ऑगस्ट २०२३ च्या निवडणुकीत इस्लामी पक्षाचा समावेश असलेल्या आघाडीने राज्य विधानसभेच्या ३६ पैकी ३३ जागा जिंकल्या. २०२१ मध्ये राज्य सरकारने साथीचे कारण देऊन थैपुसमची सुटी रद्द केली, तेव्हा हिंदू समाज दुखावला आणि त्याने तो निषेध सनदशीर मार्गाने नोंदविला.

परंतु सर्वांत मोठा आघात २०१३ च्या अखेरीस उघडकीस आला. बुजांग खोऱ्यातील प्राचीन मंदिरांचे अवशेष 'चंडी' या नावाने ओळखले जातात. त्यांतील क्रमांक अकराचे, हजार वर्षांहून जुने मानले जाणारे अवशेष, गृहबांधणीसाठी जमीन सपाट करताना बुलडोझरने नष्ट झाले. जागा खासगी मालकीची होती, तिची वारसास्थळ म्हणून कायदेशीर नोंदच झाली नव्हती. 'बुजांग व्हॅली' या ग्रंथाचे लेखक व्ही. नादराजन यांनी हा प्रकार पुढे आणला. विशेष म्हणजे संताप एकट्या हिंदूंनी व्यक्त केला नाही. मलय व चिनी अभ्यासक आणि वारसाप्रेमीही उभे राहिले. हा आमच्या देशाचा इतिहास आहे, असे त्यांचे म्हणणे होते. चंडी गेली, पण उरलेल्या स्थळांच्या रक्षणाचा विषय राष्ट्रीय चर्चेत आला.

ही बातमी ऐकून येथे बसून संतापणे सोपे आहे. तेव्हा दुसरी एक घटना शेजारी ठेवली पाहिजे. कडारमच्या राजाने नागपट्टणमला बांधलेल्या विहाराचा अवशेष मानला जाणारा विटांचा मनोरा एकोणिसाव्या शतकापर्यंत उभा होता. समुद्रावरून खलाशी तो खूण म्हणून पाहत. १८६७ साली इंग्रज सरकारच्या परवानगीने तो पाडला गेला. परके सरकार होते हे खरे. पण मनोरा वाचावा म्हणून किती भारतीय उभे राहिले? कडारमचे देणे आपल्या किनाऱ्यावर राहिले नाही आणि आपले देणे कडारमच्या किनाऱ्यावर झिजत आहे. दोन्ही ठिकाणी कारण एकच, ज्या वारशाची नोंद नसते आणि ज्याला वाली नसतो तो वारसा बुलडोझरची किंवा पहारीची वाट पाहत असतो.

अभिमानाला अभ्यासाची जोड

मग आपण काय करावे? केडाह हा स्वतंत्र, सार्वभौम राष्ट्राचा घटक आहे. तेथील अवशेषांवर पहिला हक्क आणि पहिली जबाबदारी तेथील जनतेची आहे. पूर्वी येथे आमचे राज्य होते, अशी भाषा इतिहासाला धरून नाही आणि तेथील हिंदू बांधवांच्या हिताचीही नाही. त्यांच्या राष्ट्रनिष्ठेवर शंका घेणाऱ्यांच्या हाती ती आयते शस्त्र देते. आपल्या हाती दुसऱ्या गोष्टी आहेत. बृहत्तर भारताचा अभिमान बाळगणाऱ्या किती तरुणांनी मलय भाषा शिकली आहे? राजेंद्र चोळाची आरमारी मोहीम महाराष्ट्रातील किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? मलेशियाच्या सहलीला जाणारी आपली कुटुंबे लंकावीचा समुद्रकिनारा पाहून परततात. मेरबोकचे बुजांग खोऱ्याचे संग्रहालय आणि त्यालगतचे शिवमंदिर मुख्य भूमीवर आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. पाहणारे वाढले की जपणारे वाढतात, हा साधा नियम आहे. मळ्यातून विस्थापित झालेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी तेथील तमिळ शाळा आणि देवस्थाने झटत आहेत. त्यांच्याशी शिक्षणाच्या, पुस्तकांच्या, कलेच्या माध्यमातून संबंध जोडता येतात. भारतीय आणि मलय संशोधकांनी एकत्र उत्खनन करणे, शिलालेखांचे वाचन करणे, हे कोणत्याही घोषणेपेक्षा अधिक टिकाऊ काम आहे.

केडाहने भारताकडून घेतले, चीन, अरब आणि सयामकडूनही घेतले, आणि जे घेतले त्याला स्वतःचे रूप दिले. बाहेरचे काही घ्यायचे नाही असे त्या किनाऱ्याने ठरविले असते, तर तेथे बंदर झालेच नसते. घेतलेले विसरायचे असे ठरविले, तर चंडी क्रमांक अकराची गत उरलेल्या सर्व स्थळांची होईल. हा प्रश्न केडाहपुढे आहे, तसाच तो कोकणच्या, गोव्याच्या आणि तमिळ देशाच्या किनाऱ्यांपुढेही आहे. बुद्धगुप्त नावाच्या एका कप्तानाने पंधराशे वर्षांपूर्वी दगडावर चार ओळी कोरविल्या, म्हणून तो आज आपल्याला ठाऊक आहे. त्याच्याबरोबर जहाजावर असलेले बाकीचे सारे विस्मृतीत गेले. लिहून ठेवणे, नोंदविणे, जपणे हे काम लहान वाटते. पण पिढ्यांच्या हिशेबात तेवढेच शिल्लक राहते.